पायलटच्या सहीच्या वर माझी सही असायची

26 सप्टेंबर 2025 ला संध्याकाळी आमच्या भावकीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'उडती शवपेटी अखेर भंगारात.' वर वायुसेनेच्या मिग-21 या लढाऊ विमानाचा फोटो, खाली कुणी हात जोडलेले, कुणी हसरे चेहरे टाकलेले. अपघातांमुळे लोकांनी त्याला ठेवलेलं हे नाव. टाकणारा माझा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आलेला मेसेज त्याने पुढे ढकलला, एवढंच. पण मी फोन पालथा ठेवला आणि बागेत जाऊन बसलो. तेव्हापासून लिहू का नको चाललं होतं. आज लिहितोच.

त्याच दिवशी चंडीगडला मिग-21 चा निरोप समारंभ होता. 1963 साली या विमानाचं पहिलं स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, जिथे उभं राहिलं, तिथेच 62 वर्षांनी निरोप. वायुसेनाप्रमुख ए. पी. सिंग यांनी स्वतः विमान उडवलं. विमानं उतरली तेव्हा दोन्ही बाजूंनी पाण्याच्या फवाऱ्याची कमान करून सलामी दिली. मी टीव्हीसमोर बसून बघत होतो. सगळ्यांचे डोळे विमानाकडे होते, माझे मात्र चाकांकडे. विमान थांबल्यावर चाकापुढे चॉक, म्हणजे अडसराचा ठोकळा, लावायला कोण पळतंय, ते मी बघत होतो. तिथे वीस वर्षं मी पळालोय.

माझी ओळख नसलेल्यांसाठी सांगतो. मी वायुसेनेत इंजिन फिटर होतो. बारावी सायन्स झाल्यावर 1994 साली भरती झालो. बेळगावजवळ सांबऱ्याला कवायत, मग चेन्नईजवळ तांबरमला ट्रेडचं शिक्षण, आणि मग मिग-21. 2014 ला सार्जंट म्हणून बाहेर पडलो आणि निफाड तालुक्यात घरची द्राक्षबाग बघायला लागलो.

आमच्याकडे मिग हे विमानाचं नाव आहे हे मुलांना उशिरा कळायचं. आधी ते गावाचं नाव असायचं. 'कुठे निघाला?' 'मिगला.' ओझर मिग. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना 1963 मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि 1964 साली ओझरला सोव्हिएत परवान्याने मिग बांधायचा कारखाना उभा राहिला. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या पोरांच्या घरी त्या कारखान्याच्या पगारावर चुली पेटल्या. आम्ही शाळेत असताना चाचणीचं विमान डोक्यावरून गेलं की गुरुजी शिकवायचे थांबायचे, कारण आवाजापुढे त्यांचा इलाज नव्हता. विमान गेल्यावर वर्गात काही क्षण कुणीच बोलायचं नाही. मला वाटतं मी तिथेच भरती झालो. कागदावर नंतर झालो.

आता मुद्द्यावर येतो. वायुसेनेत होतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'पायलट?' नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. लग्नकार्यात, बँकेत, सोयरीक बघताना, सगळीकडे. रिटायर झाल्यावर एका खासगी कंपनीत मुलाखतीला गेलो, तिथल्या साहेबाने फाइल मिटत विचारलं, 'म्हणजे मेकॅनिकच ना?' मी हो म्हणालो. 'मेकॅनिकच' मधला तो 'च' मला लागला. मेकॅनिक हा शब्द नाही लागला, तो मी आयुष्यभर छातीवर मिरवीन.

मेकॅनिक म्हणजे काय करतो, हे एका छोट्या गोष्टीवरून सांगतो. लॉकवायर.

विमानातला बोल्ट आवळला की काम संपत नाही. इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सैल होऊ शकतो. म्हणून त्याच्या डोक्याला आरपार बारीक छिद्र असतं. त्यातून सुईच्या जाडीची तार ओवायची, पिळायची आणि शेजारच्या बोल्टला नेऊन बांधायची. तार अशा बाजूने न्यायची, की पहिला बोल्ट सुटायच्या दिशेला फिरू लागला तर तारेचा ताण दुसऱ्याला आवळायच्या दिशेला ओढेल. दोघं एकमेकांना धरून ठेवतात. तार उलट्या बाजूने नेली तर दिसायला सगळं सुंदर दिसतं, पण उपयोग शून्य. पीळ सैल झाला तर तार झिजते, जास्त घट्ट झाला तर तुटते. शेवटचं टोक कापून आत वळवायचं, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो. आणि कापलेला तुकडा मोजून डब्यात टाकायचा. तांबरमला आमचे उस्ताद काही न बोलता आमची तार पकडीने कापायचे आणि म्हणायचे, 'फिर से.' अंगठे सुजायचे. महिनाभराने एक दिवस त्यांनी माझी तार बघितली, बोट फिरवलं आणि न कापता पुढच्या पोराकडे गेले. त्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं.

हे एका बोल्टचं. मिग-21 चं इंजिन बदलायचं म्हणजे विमानाचा मागचा अर्धा भागच सोडवून ट्रॉलीवर मागे ओढावा लागतो, मग आतलं इंजिन बाहेर येतं. नळ्या, वायरी, जोड, सगळं सोडवायचं, नवं बसवायचं आणि परत जुळवायचं. मे महिन्यात राजस्थानात विमानाच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा, म्हणून पहाटे चारला कामाला लागायचो. पंजाबातल्या जानेवारीत बोटं इतकी गारठायची, की नट हातात आहे की खाली पडला हे बघून ठरवावं लागायचं. आणि खाली पडलेला नट म्हणजे साधी गोष्ट नाही. रनवेवरचा एक खडा, एक वॉशर इंजिनात ओढला गेला की ब्लेड गेलं. रोज सकाळी आम्ही रांगेने टारमॅकवरून, म्हणजे विमानं उभी असतात त्या फरसबंदीवरून, मान खाली घालून चालायचो, वेचत. अधिकारी असो की नवा पोरगा, वाकायचं सगळ्यांनी.

आता माझ्या चुकीची गोष्ट.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी आम्ही एका विमानाचं इंजिन बदललं. तळाचं नाव लिहीत नाही. मागचा भाग जोडून झाला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंड रन होता, म्हणजे विमान जमिनीवरच ठेवून इंजिन चालवून बघायचं. आमच्याकडे हत्यारांचा फळा असतो. त्यावर प्रत्येक हत्याराच्या आकाराची जागा रंगवलेली असते, हत्यार परत नाही आलं तर त्याची सावली तेवढी उघडी पडते. विमान बंद करण्याआधी मोजणी माझ्याकडे होती. मी मोजली, पण डोळ्यांनी मोजली, हात लावून मोजली नाही. रात्री हत्यारं जमा करताना दहा नंबरच्या सॉकेटची, म्हणजे नट आवळायच्या पान्याच्या टोपीची, जागा रिकामी दिसली.

हँगरमध्ये तेव्हा मी एकटाच होतो. खरं सांगतो, दोन मिनिटं मनात सगळं येऊन गेलं. कदाचित बाकावर असेल. कदाचित दुसऱ्या पाळीच्या पेटीत गेलं असेल. सकाळी बघू. तेव्हा घरी बहिणीचं लग्न ठरलेलं, माझी रजा मंजूर झालेली. पण त्या विमानाच्या कॉकपिटमध्ये जो बसणार होता त्याला मी ओळखत होतो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. रोज शिडी चढताना 'सब ठीक?' विचारायचा आणि उत्तर पूर्ण ऐकून मगच वर चढायचा.

मी सार्जंटसाहेबांच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, 'सर, एक सॉकेट कमी आहे.'

ते ओरडले नाहीत. बूट घातले, चार जणांना उठवलं. आधी बाक, पेट्या, कपडे, कचरा. मग विमान पुन्हा उघडलं. पहाटे अडीचच्या सुमाराला इंजिनाच्या खालच्या अंगाला, एका नळीच्या आणि फ्रेमच्या बेचक्यात ते सापडलं. बोटाच्या पेराएवढं लोखंड. मी पाहिलं तेव्हा मला घाम फुटला. सार्जंटसाहेबांनी ते पुसलं, माझ्या हातात दिलं आणि फळ्याकडे बोट दाखवलं. मी ते त्याच्या जागेवर लावलं. मग म्हणाले, 'बोला, इसलिए मिला. चल, चाय पीते हैं.'

चौकशी झाली, लेखी नोंद झाली, सकाळचा कार्यक्रम रद्द झाला. त्या सगळ्याला मी पात्रच होतो. रजा मात्र रद्द झाली नाही.

माझ्या नोकरीतला सर्वांत अभिमानाचा दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगतो, आणि लोकांना ते कळत नाही. त्यांना युद्धाचं, पदकाचं काहीतरी ऐकायचं असतं. पण विचार करा, अशी किती ठिकाणं आहेत जिथे चोवीस वर्षांचा पोरगा मध्यरात्री साहेबाचं दार ठोठावून 'माझ्याकडून चुकलं' म्हणू शकतो आणि त्याला चहा मिळतो? आमच्या कामाची इज्जत तिथे आहे. एफ-700 नावाची विमानाची वही असते. प्रत्येक कामाखाली ते करणाऱ्याची सही असते. शेवटी पायलट येतो, आमच्या सह्या बघतो, खाली आपली सही करतो आणि शिडी चढतो. इंजिन उघडून बघायला त्याच्याकडे वेळ नसतो. तो आमच्या अक्षरावर विश्वास ठेवून आवाजापेक्षा दुप्पट वेगाच्या विमानात बसतो.

म्हणून 'शवपेटी' हा शब्द मला सहन होत नाही. आणि म्हणूनच आकडे मी लपवणार नाही. 2012 साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं, की 872 मिग विमानांपैकी 482 अपघातांत गेली आणि 171 वैमानिक गेले. हे मिगचे सगळे प्रकार मिळून. पण 171 हा आकडा ऐकून ज्याला काही होत नाही, त्याने आमच्या कामाबद्दल बोलूच नये.

2001 च्या सप्टेंबरात पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सुरतगडला मिग-21 च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी जाहीरपणे प्रश्न विचारले आणि वर्षानुवर्षं विचारत राहिल्या. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पतींनी मुलाच्या नावाने पुण्यात जीत एरोस्पेस ही संस्था काढून उड्डाण प्रशिक्षणाचं काम हाती घेतलं. मी तेव्हा गणवेशात होतो, बोलू शकत नव्हतो. आज बोलतो: त्या माउलीचे प्रश्न बरोबर होते. हे विमान लहान पंखांचं, एका इंजिनाचं, उतरताना प्रचंड वेगात असणारं. शिकाऊ विमानावरून पोरं थेट यावर यायची. मधल्या टप्प्याचं जेट ट्रेनर हवं, अशी शिफारस ला फाँतेन समितीने 1982 मध्ये केली होती. तसं ट्रेनर, म्हणजे हॉक विमान, वायुसेनेत आलं 2008 साली. सव्वीस वर्षं. या सव्वीस वर्षांचा हिशेब विमानाला का विचारता?

आणि अपघात झाला की आमच्याकडे काय होतं ते कुठल्याच बातमीत येत नाही. त्या विमानाची सगळी कागदपत्रं ताबडतोब सील होतात. त्या वहीत शेवटची सही ज्याची असते त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि सगळे बघत असतात. माझ्या एका मित्रावर ही वेळ आली. पायलट इजेक्ट होऊन सुखरूप होता, तरी हा दोन दिवस जेवला नाही. आपण काय काय केलं ते पहिल्या बोल्टपासून पुन्हा पुन्हा बोलून दाखवायचा. चौकशीत पक्षी धडकल्याचं निघालं. त्याने ते ऐकलं, मेसमध्ये गेला आणि ताटावर बसून रडला.

याच विमानांनी 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर नेम धरला आणि दोन दिवसांत ढाका पडलं. 2019 च्या फेब्रुवारीत अभिनंदन वर्धमान ज्यात होते तेही मिग-21 च, सुधारलेलं बायसन. ही नावं सगळ्यांना पाठ आहेत आणि असायलाच हवीत. मला एवढंच म्हणायचंय, की त्या प्रत्येक उड्डाणाआधी कुणीतरी चाकाशी वाकलेला होता, कुणीतरी टॉर्च घेऊन इंजिनाच्या तोंडाशी डोळा लावून बसला होता, आणि त्याच्या घरी विचारलं जात होतं, 'पायलट नाही का?'

गेल्या आठवड्यात चुलतभाऊ बागेत आला. गोडी छाटणीची घाई चाललीय, मजूर मिळत नाहीत, तो मदतीला आला होता. मेसेजचा विषय मीच काढला. तारेचं सांगितलं, सॉकेटचं सांगितलं. बांधावर बसून त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, 'दादा, मग झोप लागायची का तुला?' इतक्या वर्षांत मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मी म्हणालो, सॉकेट सापडलं त्या रात्री लागली, बाकी रात्रींचं काही सांगू शकत नाही. त्याच्या पोराला डिप्लोमा करून वायुसेनेत जायचंय. तो त्याला इंजिनिअरिंगला घाल म्हणत होता. आता म्हणतो, तूच बोल त्याच्याशी.

आईचं मात्र सांगायलाच हवं. मी वीस वर्षं कधी राजस्थानात, कधी पंजाबात, आणि ती इथे ओझरच्या आभाळाखाली. वरून विमान गेलं की हातातलं काम टाकून अंगणात यायची आणि शेजारच्या काकूंना म्हणायची, 'आमच्या बाळूचं गेलं बघ.' मी तिला कितीदा समजावलं, की ती कारखान्याची विमानं, माझी नव्हेत. ती म्हणायची, असू दे.

17 ऑक्टोबरला ओझरला बांधलेलं पहिलं तेजस लढाऊ विमान उडालं. आई आता नीट चालत नाही, ओट्यावर बसून असते. आवाज आला तशी तिने मान वर केली, कान दिला आणि मला हाक मारली.

'बाळू, हे आपलं जुनं नाही रे. कोणतं आहे?'