बिल होतं का? : एका कमेंटला उत्तर

'एक जुना नाशिककर' या नावाने कमेंट टाकणारे काका (काका म्हणतोय कारण रिटायर होऊन दहा वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय),

कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा डोकं फिरलं, लगेच खरमरीत काहीतरी टाइप पण केलं होतं, मग बायको म्हणाली आधी चहा घे. तर आता चहा घेऊन बसलोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात, मावशीचं मंगळसूत्र ओढून नेलं त्यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं आणि काकांचं म्हणणं असं की एका मंगळसूत्रासाठी एवढं रडगाणं कशाला, पहाटेचं सोनं घालून फिरायचंच कशाला, पोलिसांना काय तेवढंच काम आहे का, हे पीडितांचे हक्क वगैरे सगळं वकिलांचं खूळ, चौकात दोघांचे हात तोडा मग बघा चोऱ्या थांबतात की नाही. आणि शेवटी, 'सोन्याचं बिल होतं का ते आधी सांगा.'

बिलाचं शेवटी सांगतो.

एक मान्य. पोलिसांना सरसकट झोडपलं ते माझं चुकलं. ठाण्यात एक लेडी कॉन्स्टेबल होत्या, मावशीच्या मानेवर ओरखडा बघून त्यांनी स्वतःच्या पर्समधलं मलम काढून लावलं, मोबाईल नंबर लिहून दिला, म्हणाल्या मावशी काही आठवलं तर कधीही फोन करा. मावशी आजही त्यांचं नाव काढते. त्या दिवशीच्या बाकी कोणाचं नाही काढत. हे पोस्टमध्ये यायला हवं होतं, रागात राहून गेलं.

आता 'पहाटे कशाला'. डिसेंबर २०२४, सकाळचे साडेसहा, नाशिकची डिसेंबरातली थंडी तुम्हाला मी काय सांगणार. सदुसष्ट वर्षांची बाई स्वेटर, कानटोपी, वरून शाल अशी गुंडाळून कोपऱ्यावर दूध आणायला निघालेली, मंगळसूत्र कोणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. बाईकवरच्या दोघांनी पत्ता विचारला, बोलायला म्हणून हिने तोंडावरची शाल खाली घेतली आणि तेवढ्यात झालं. म्हणजे चूक काढायचीच असेल तर हिने पत्ता सांगायला नको होता, एवढीच निघते.

ठाण्यात पहिला प्रश्न तुमचाच, एवढ्या सकाळी एकट्या कशाला निघालात. दुसरा पण तुमचाच, बिल आहे का. तिसरा, नक्की ओढलं का कुठे पडलं असेल. आणि मग, गहाळ म्हणून नोंद करून घेऊ का? गहाळ! म्हणजे चोर गायब, गुन्हा पण गायब, उरली फक्त एक विसरभोळी म्हातारी. अहो दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर घ्यावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१३ मध्येच ललिता कुमारी केसमध्ये सांगून ठेवलंय. आम्हाला ते माझ्या मेहुण्याच्या ओळखीतल्या वकिलांनी फोनवर सांगितलं म्हणून दुपारी अडीचला का होईना गुन्हा दाखल झाला. ज्यांना असा मेहुणा नाही ते गहाळ लिहून घरी जात असणार.

तुम्ही म्हणाल राईचा पर्वत करतोय. मंगळसूत्र आणि बलात्कार एका तागडीत घालायचा नाहीये मला, पण प्रश्न विचारायची सवय तीच आहे म्हणून सांगतो. १९७२, आपल्याच महाराष्ट्रातलं देसाईगंज पोलीस ठाणं, मथुरा प्रकरण. आदिवासी मुलगी, आरोपी दोन पोलीस, हायकोर्टाने दोषी धरलेले, आणि सुप्रीम कोर्टात सुटले, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला जाहीर पत्र लिहिलं, देशभर आंदोलनं झाली, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला. तिने काय केलं नाही हेच विचारत बसले सगळे. 'सोनं घालून कशाला' हा त्याच घरातला धाकटा भाऊ आहे, राग मानू नका.

आता वकिलांच्या खुळाबद्दल. केसचं नाव काय असतं, महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक. त्यात मावशी कुठे? साक्षीदार. मान हिची, मंगळसूत्र हिचं, आणि खटला सरकारचा. हे मुळात बरोबरच आहे म्हणा, नाहीतर ज्याच्याकडे पैसा त्याचाच खटला चालेल, पण त्या नादात ज्याच्यावर बेतलं तो माणूसच बाहेर बाकावर. खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्याच नव्हती, ती २००९ च्या शेवटी लागू झालेल्या दुरुस्तीने आली, आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येतं हेही तेव्हाच आलं. आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी जी नागरिक सुरक्षा संहिता आलीये तिच्यात साफ लिहिलंय की तपास कुठवर आला ते पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, मोबाईलवर कळवलं तरी चालतं. एक मेसेज हो काका. पोलिसांना काम फार आहे हे मान्य, पण मेसेजला किती वेळ लागतो? आम्हाला चोर सापडल्याचं मे महिन्यात पेपरमधून कळलं. मावशीनेच वाचलं आणि मला फोन केला, 'अरे हे माझेच का बघ ना.'

हात तोडण्याचं म्हणाल तर शिक्षेच्या बाबतीत मागे आपण राहिलेलो नाही, दंड संहितेच्या जागी आलेल्या नवीन न्याय संहितेत हिसकावून नेणं हा वेगळाच गुन्हा केलाय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. दिल्लीच्या २०१२ मधल्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर कायदा सुधारण्यासाठी नेमलेल्या वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला, त्यात बलात्काराला फाशी नको असं म्हटलं होतं आणि पोलीस, दवाखाना, कोर्ट यांनी पीडितेशी कसं वागायचं यावर पानंच्या पानं होती. फाशीवर चर्चा सगळ्या देशाने केली. ती पानं कोणी वाचली? मला वाटतं हात तोडा म्हटलं की आपली सुटका होते, मग मावशीला आज रिक्षाने कोर्टात कोण नेणार हा प्रश्नच येत नाही.

आणि पीडितांचे हक्क म्हणजे आरोपीच्या विरुद्ध काही असतं असंही मला आता वाटत नाही. ओळख परेडला जेलमध्ये गेलो होतो तेव्हा बाहेर एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत कपडे घेऊन उभी होती, त्यातल्याच एका पोराची आई. मावशी तिच्याशी दहा मिनिटं बोलत होती, मी दुरून बघत होतो, काय बोलल्या ते मला सांगितलेलं नाही. त्या पोराला सरकारी खर्चाने वकील मिळालाय आणि मिळायलाच हवा. फक्त १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत आहे, म्हणजे मावशीलाही होती, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं.

मुद्देमालाचं सांगतो. मंगळसूत्र नाही सापडलं, वितळवलेली लगड सापडली. असा ऐवज फोटो आणि पंचनामा करून लवकर मालकाला द्यावा असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई केसमध्ये म्हटलंय, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर दिवस पण ठरवून दिलेत. आमच्या अर्जाला तारखा पडतायत.

तर बिल. मंगळसूत्र १९८१ सालचं, सासऱ्यांनी केलेलं, सराफाचं दुकानही आता राहिलं नाही, कुठलं बिल आणि कुठलं काय. म्हणून मालकीचा पुरावा म्हणून लग्नातला फोटो द्यायला सांगितला. मावशीने अल्बममधला काढून दिला, झेरॉक्स द्यायची हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही, तो ओरिजिनलच फाईलला लागला. मावशीचे यजमान आता नाहीत, त्या दोघांचा हसरा असा तेवढा एकच फोटो होता. आता दर तारखेला घरातून निघताना आम्ही सोन्याचं बोलत असतो आणि ती विचारते, फोटो कधी देतील रे.