घरमालक होऊ पाहणाऱ्यांस काही हिताच्या सूचना

नाशिकमध्ये एखादा फ्लॅट किंवा प्लॉट घेऊन ठेवावा, असे आपल्या मनात असेल, तर किंमत, कागद आणि मिळू शकणारे भाडे या क्षुल्लक बाबींत न अडकता फक्त सिंहस्थाकडे पाहावे. हा मेळा २०२६-२७ मध्ये आहे आणि त्यामुळे आडगावपासून पाथर्डी फाट्यापर्यंत गुंठ्यागुंठ्याला सोने लागणार, असे आपला एजंट सांगेल. २०१५ च्या सिंहस्थापूर्वीही तो हेच सांगत होता, यावरून त्याच्या मतांतील सातत्य ध्यानी यावे. सिंहस्थ पुरेसा वाटला नाही, तर मेट्रो आहेच. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. स्टेशन उभेच नसल्यामुळे ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ या जाहिरातीला कोणी खोटे ठरवू शकत नाही, हा तिचा मोठाच गुण आहे.

नदीकाठचा प्लॉट स्वस्तात मिळत असल्यास नकाशावर निळी पूररेषा शोधत बसू नये, आणि तपोवनाच्या बाजूचा मिळत असल्यास साधुग्रामाच्या, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी राखलेल्या जागेच्या, आरक्षणाची चौकशी करण्याचा अश्रद्धपणा करू नये. पुराचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, हे पाहण्यासाठी बाकीच्या शहराला गोदाघाटावर जावे लागते. आपल्याला ते घरबसल्या कळेल.

घर भाड्याने देताना मात्र खरी काटकसर दाखवावी. समजा, भाडे महिना १२,००० रुपये आणि मुदत ११ महिने आहे. एकूण भाड्यावर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क ३३० रुपये, महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क १,००० रुपये, आणि अनामत रकमेपोटी किरकोळ भर, एवढ्या प्रचंड खर्चात कोणीही सुज्ञ मनुष्य पडत नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे आपल्या वडिलांनी सांगितलेले आहे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ काहीही म्हणो, वडिलांचा शब्द खाली पडू देऊ नये. ते कलम म्हणते, की मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरते घर वापरू देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा; तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची, आणि न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातला सर्वांत रम्य भाग पुढे आहे: करार नोंदवलेला नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच खरे धरले जाते, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे काम आपल्याकडे येते. सुमारे तेराशे रुपये वाचवून इतका विश्वास परक्या माणसावर टाकणारी माणसे आता कमीच उरली आहेत.

भाडेकरू निवडताना त्याची नोकरी, आधीचा पत्ता किंवा पोलिसांकडे द्यावयाची माहिती, असे रूक्ष विषय काढू नयेत. अंबडच्या कारखान्यात नियमित पगार घेणारा तरुण अविवाहित आहे म्हणून नाकारावा, आणि ‘फॅमिली आहे’ एवढेच सांगणाऱ्या गृहस्थाच्या हाती किल्ली द्यावी. सोसायटीने बाहेरचा माणूस ठेवल्याबद्दल मनास येईल ती रक्कम मागितली, तर तीही मुकाट्याने द्यावी. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, घेता येत नाहीत, हे शासनाने २००१ मध्येच ठरवून दिले असले, तरी वार्षिक सभेत उठून ते सांगणे चारचौघांत बरे दिसत नाही.

यथावकाश मुदत संपेल आणि गृहस्थ हलणार नाहीत. नोंदणीकृत करार असता, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता आला असता आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्कही वसूल करता आले असते. परंतु ही वाट आपण तेराशे रुपयांत आधीच बंद केलेली आहे. तेव्हा रात्री गच्चीवर जाऊन त्यांच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा. सकाळी ते ‘मी लायसन्सी नव्हे, भाडेकरू आहे’ असे लिहून वकिलाकडे जातील, कलम ५५ त्यांचे म्हणणे आधी ऐकून घेईल, आणि भाडेकरूचे पाणी तोडण्यास मनाई करणारे कलमही त्याच कायद्यात असल्यामुळे त्यांच्या वकिलाला दुसरे पुस्तक उघडावे लागणार नाही.