तळ्यात-मळ्यात नव्हे: पोलिश-युक्रेनियन युद्धकादंबऱ्यांवरील आक्षेपांचा प्रतिवाद

दुसऱ्या महायुद्धातील पोलंड-युक्रेन सीमाप्रदेशावर कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत एक नायक वरचेवर भेटतो. आई पोलिश, वडील युक्रेनियन, वय सतरा-अठरा, हातात कोणाची तरी बंदूक, आणि ती कोणावर रोखायची हा न सुटणारा प्रश्न. या नायकावरचा आक्षेपही आता ओळखीचा झाला आहे आणि तो वाचकांच्या चर्चांतून जवळपास त्याच शब्दांत फिरत असतो. असा अर्धा-अर्धा माणूस प्रत्यक्षात नव्हताच, ती लेखकाची सोय आहे. त्याला मध्यभागी उभे केले की मारणारे आणि मरणारे एका पातळीवर येतात. त्या प्रदेशात खरी निवड हिटलर की स्टालिन एवढीच होती, त्यामुळे पोल आणि युक्रेनियन यांच्यातला झगडा दुय्यम होता. आणि दोन डगरींवर पाय ठेवलेला नायक कोवळ्या वाचकाला निर्णय टाळायला शिकवतो, असे हे म्हणणे आहे. ‘मुलांना हे कशाला’ असा एक सूरही त्यात मिसळलेला असतो. यातला दुसरा मुद्दा मला अंशतः मान्य आहे. बाकीचे मुद्दे इतिहासासमोर टिकत नाहीत.

‘असा माणूस नव्हताच’ या पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. पूर्व गॅलिशियात, म्हणजे ल्विव्ह शहराभोवतीच्या प्रदेशात, लॅटिन (रोमन कॅथलिक) पंथाचे पोल आणि ग्रीक-कॅथलिक पंथाचे, म्हणजे पोपला मानणारे पण पूर्वेकडील पद्धतीने उपासना करणारे युक्रेनियन यांच्यात सर्रास विवाह होत असत, आणि अशा घरातील मुलांचे काय करायचे याचा नियम १८६३ सालीच दोन्ही चर्चनी ठरवून टाकला होता: मुलगे बापाच्या पंथाचे, मुली आईच्या. म्हणजे एकाच छपराखाली भाऊ एका चर्चमध्ये आणि बहीण दुसऱ्या चर्चमध्ये जाई, आणि घरात नाताळ दोनदा येई, एकदा २५ डिसेंबरला आणि एकदा ७ जानेवारीला. पुढे पंथावरून राष्ट्र ठरवले जाऊ लागले, तेव्हा त्याच भावाबहिणींची राष्ट्रेही वेगळी झाली. कादंबरीकाराला यात कल्पनेने भर घालण्यासारखे फारसे काही उरत नाही.

गरिबांच्या घरांपुरतेच हे घडत होते असेही नाही. आंद्रेय शेप्तित्स्की हे १९०१ ते १९४४ या काळात ल्विव्हचे ग्रीक-कॅथलिक महाधर्मगुरू होते आणि युक्रेनियन समाजाचे सर्वांत मोठे नैतिक अधिष्ठान मानले जात. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ स्तानिस्वाव शेप्तित्स्की पोलंडचे सेनापती होते आणि १९२३ साली संरक्षणमंत्रीही झाले. १९१८च्या नोव्हेंबरात ल्विव्हसाठी पोल आणि युक्रेनियन रस्त्यारस्त्यांतून लढत होते, तेव्हा एक भाऊ त्या शहरातील युक्रेनियन चर्चच्या प्रमुखपदी होता आणि दुसरा पोलिश लष्कराच्या सर्वोच्च वर्तुळात. दोघांचे आजोबा म्हणजे पोलिश रंगभूमीचे लाडके विनोदी नाटककार अलेक्सांदर फ्रेद्रो. हे सारे एखाद्या कादंबरीत आले असते, तर संपादकाने ‘फारच जुळवून आणले आहे’ असा शेरा मारला असता.

याहून बोलका पुरावा शिरगणतीत आहे. पोलंडने १९३१ साली लोकांना राष्ट्रीयत्व विचारलेच नाही. मातृभाषा आणि धर्म एवढेच विचारले. पूर्वेकडील पोलेसिये प्रांतात सात लाखांहून अधिक लोकांची भाषा ‘तुतेइशी’, म्हणजे ‘इथली’, अशी नोंदली गेली. त्या नोंदीत सरकारी सोयीचा भाग होता हे खरे, कारण युक्रेनियन आणि बेलारूसी यांचे आकडे कमी दिसणे वॉर्साला हवेच होते. तरीही आपण नेमके कोण याचे उत्तर गावाच्या नावापलीकडे न देणारे असंख्य लोक तिथे होते, हे नाकारता येत नाही. युद्धाने त्यांना उत्तर द्यायला लावले. क्रूसाची खूण डाव्या खांद्याकडून करतो की उजव्या, प्रार्थना कोणत्या भाषेत तोंडात येते, यावरून माणसाची बाजू ठरवली गेल्याचे वाचलेल्यांच्या साक्षींत आढळते.

आता दुसरा मुद्दा, म्हणजे दोन्ही बाजू दाखवल्या की दोन्ही सारख्याच दोषी ठरतात हा. इथे आक्षेपकांची भीती निराधार नाही. युक्रेनियन बंडखोर सेनेने, म्हणजे यूपीएने, १९४३ साली व्होलिनमध्ये, म्हणजे गॅलिशियाच्या उत्तरेकडील प्रदेशात, पोलिश वस्त्यांचा जो संहार केला तो दोन गावांमधली हाणामारी नव्हती. तो प्रदेश पोलमुक्त करण्यासाठी आखलेली ती मोहीम होती. ११ जुलै १९४३ या एका रविवारी सुमारे शंभर ठिकाणी हल्ले झाले आणि पोरिक, किसिएलिन अशा गावांत लोक प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमलेले असताना त्यांच्यावर घाला घालण्यात आला. व्होलिनमध्ये मारल्या गेलेल्या पोलांची संख्या इतिहासकार चाळीस ते साठ हजार सांगतात आणि गॅलिशिया व आसपासचा प्रदेश धरला तर ती एक लाखाच्या आसपास जाते. पोलिश बाजूनेही सूड घेतला. १० मार्च १९४४ रोजी सहरिनमध्ये पोलिश भूमिगत सैन्याने शेकडो युक्रेनियन ग्रामस्थांना मारले. मात्र पोलिश हातांनी मेलेल्या युक्रेनियनांचे बहुतेक अंदाज दहा ते वीस हजारांच्या घरात आहेत. एका प्रकरणात जळलेले पोलिश गाव आणि पुढच्या प्रकरणात जळलेले युक्रेनियन गाव, असा तराजू तोलत जाणारी कादंबरी खोटी आहे, आणि अशा कादंबऱ्या निघतात हे मान्य केले पाहिजे.

पण हा दोष लेखकाने घटना कशा निवडल्या याचा आहे, नायकाच्या मनाचा नाही. गुन्ह्याचे वजन आणि माणसाच्या नात्यांची गुंतागुंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या नोंदसंग्रहात पोलिश शेजाऱ्यांना लपवणाऱ्या, आधी सावध करणाऱ्या, गाडीत घालून पोहोचवणाऱ्या तेराशेहून अधिक युक्रेनियनांची नोंद आहे आणि त्यांपैकी ३८०हून अधिक जणांना त्यासाठी जीव गमवावा लागला. ही माणसे दाखवल्याने मारेकऱ्यांचा गुन्हा हलका कसा होतो? उलट ‘आमच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता’ ही मारेकऱ्यांची सबब या माणसांमुळेच खोटी पडते. पोलिश आई असलेल्या युक्रेनियन मुलाला कथेतून काढून टाका, म्हणजे ती सबब अबाधित राहील.

तिसरा मुद्दा हिटलर-स्टालिनचा. तो वरवर व्यापक दृष्टीचा वाटतो, पण व्होलिनमधल्या तरुणाचे १९३९ ते १९४४ हे आयुष्य नुसते तारखांनिशी मांडले तरी त्यातली चूक दिसते. सप्टेंबर १९३९मध्ये सोव्हिएत सैन्य आले. फेब्रुवारी १९४०पासून पोलिश कुटुंबे सैबेरिया आणि कझाकस्तानकडे रवाना होऊ लागली. (त्या लोंढ्यातले जे पुढे इराणमार्गे सुटले, त्यांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. आपल्याकडे युद्धातला पोलंड म्हटले की वळिवडे आठवते, पण आधी झालेल्या हद्दपारीमुळेच या कुटुंबांना १९४३चे व्होलिन पाहावे लागले नाही, हे सहसा लक्षात येत नाही.) जून १९४१मध्ये जर्मन आले आणि त्यांनी स्थानिक युक्रेनियन तरुणांना साहाय्यक पोलिसांत भरती केले. १९४२मध्ये व्होलिनमधील दीड लाखांहून अधिक ज्यूंची कत्तल झाली आणि वस्त्यांना वेढा घालणे, लोकांना खड्ड्यांपर्यंत हाकणे या कामांत हे पोलीस सामील होते. मार्च-एप्रिल १९४३मध्ये त्यांतले सुमारे पाच हजार जण शस्त्रांसह पळून यूपीएला मिळाले. रिकाम्या जागी जर्मनांनी पोलिश तरुण भरले. कोणी बंदूक मिळावी म्हणून गेला, कोणी गाव राखण्यासाठी, कोणी सूड घेण्यासाठी. काही पोल सोव्हिएत गनिमी पथकांत गेले आणि जानेवारी १९४४मध्ये भूमिगत सैन्याची सहा हजारांहून मोठी सत्ताविसावी व्होलिन डिव्हिजन उभी राहिली.

ही यादी पाहिली की लक्षात येते, ते असे की हिटलर आणि स्टालिन यांनी दिलेल्या बंदुका एकमेकांवर चालवण्याची मुभा आणि कारणे स्थानिक होती. पोलिश पोलीस आणि यूपीएचा सैनिक यांच्यातील वैर बर्लिनमध्ये जन्मले नव्हते. त्यामागे १९१८चे युद्ध होते, पोलंड आणि सोव्हिएत सत्ता यांनी युक्रेनची भूमी वाटून घेणारा १९२१चा रीगा करार होता, युक्रेनियन शाळांची झालेली गळचेपी आणि १९३८ साली पूर्व पोलंडमधील खेल्म भागात पाडलेली शंभराहून अधिक ऑर्थोडॉक्स चर्च होती. आक्षेपकांनी खरे तर वेगळ्या ठिकाणी बोट ठेवायला हवे होते. या प्रकारातल्या बऱ्याच कादंबऱ्यांत अठरा वर्षांचा नायक १९४३च्या वसंतात पोलिसांतून पळून जंगलात येतो आणि वाचकाने त्याच्या दुभंगलेल्या मनाबद्दल हळहळावे अशी अपेक्षा असते. पण १९४२च्या उन्हाळ्यात तो कुठे होता, हा प्रश्न लेखक विचारतच नाही. पोल आणि युक्रेनियन यांच्यातली ओढाताण रंगवताना गावातला तिसरा शेजारी, म्हणजे ज्यू, अदृश्य होतो. हा आक्षेप कोणी घेतला, तर माझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

‘मुलांना हे कशाला’ या सुराबद्दल थोडक्यात. ल्विव्हच्या लिचाकिव्ह स्मशानभूमीत १९१८-१९च्या पोलिश बालसैनिकांच्या कबरी आहेत. चौदा वर्षांचा युरेक बिचान तिथेच पडला, आणि आज त्यांच्या शेजारीच त्या युद्धात लढलेल्या युक्रेनियन सैनिकांचे स्मारक आहे. ज्या वयाला बंदूक झेपते असे राष्ट्राने मानले, त्या वयाला कादंबरी झेपणार नाही हे म्हणणे विचित्र आहे.

राहिला शेवटचा मुद्दा: दोन्हीकडचा म्हणजे कुठलाच नसलेला, तळ्यात-मळ्यात करणारा माणूस. याला उत्तर म्हणून मी कुठल्याही काल्पनिक नायकाकडे जाणार नाही. झिग्मुंत रुमेल हा १९१५ साली जन्मलेला, व्होलिनमध्ये वाढलेला पोलिश कवी. पोलंड आणि युक्रेन या आपल्या दोन माता आहेत, अशी कविता त्याने युद्धकाळातच लिहिली. म्हणून तो घरी बसला नाही. शेतकरी बटालियन या पोलिश भूमिगत लढाऊ संघटनेचा तो व्होलिनमधला प्रमुख होता, म्हणजे बाजू त्याने निवडलेली होती आणि ती पोलिश भूमिगत राज्याची होती. कत्तली थांबवण्यासाठी यूपीएशी बोलणी करायची ठरली, तेव्हा युक्रेनियन भाषा आणि माणसे जाणणारा म्हणून त्याला पाठवण्यात आले. संरक्षक तुकडी न घेता, क्शिश्तोफ मार्किएविच या सहकाऱ्यासह तो गेला. १० जुलै १९४३ रोजी कुस्तिचे गावाजवळ दोघांनाही ठार करण्यात आले. रुमेल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि पोरिकच्या चर्चमधील प्रार्थनेची घंटा दुसऱ्या दिवशी सकाळी वाजायची होती.