ग्राहकास समजावून सांगितले

परवा माझ्या गाडीच्या जॉब कार्डावर सर्व्हिस सेंटरने लिहून दिले : ‘तपासणीत आवाज आढळला नाही. ग्राहकास समजावून सांगितले.’ यातल्या पहिल्या वाक्याशी माझे भांडण नाही. न आढळणे हा त्या ठिकाणचा स्थायीभावच दिसतो. माझा राग आहे तो दुसऱ्या वाक्यावर, कारण मला कोणीही काहीही समजावून सांगितलेले नाही. दुपारभर समजावत होतो तो मी, आणि ज्यांनी समजून घ्यायचे ते सगळे बिघाड गाडीत नसून माझ्या कानांत आहे, अशा सहानुभूतीने माझ्याकडे पाहत होते.

मूळ तक्रार साधी आहे. गाडी जुनी आहे, पुष्कळ धावलेली आहे, आणि रस्ता खराब नि वेग कमी असला की पुढच्या डाव्या चाकाच्या बाजूने एक कोरडा, बारीक ठोका ऐकू येतो. वेग वाढवला की तो टायरांच्या आवाजात बुडतो आणि गुळगुळीत रस्त्यावर तर नाहीसाच होतो. एवढे सांगून गाडी सोपवावी आणि निघावे, या बेताने मी काउंटरपाशी उभा राहिलो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तरुण आणि विनयशील होता. त्याने विचारले, ‘आवाज नेमका कसा येतो, सर?’

‘टक-टक असा,’ मी म्हणालो.

‘टक की खट?’ हा प्रश्न मागून आला.

मागे भिंतीलगतच्या सोफ्यावर एक गृहस्थ बसले होते. चांगले भरदार, पांढऱ्या मिशांचे, मांडीवर वर्तमानपत्राची घडी आणि चेहऱ्यावर इथले सगळे आपल्याच देखरेखीखाली चालले असल्याचे समाधान. माझी गाडी त्यांनी पाहिलेली नव्हती, ऐकण्याचा तर प्रश्नच नव्हता.

‘टक,’ मी शक्य तितक्या तुटकपणे सांगितले.

‘शक्य नाही. ट म्हणताना तुमची जीभ टाळूला लागते. गाडीला जीभ नसते. खट असणार तो.’

‘खटमध्येही ट आहेच की.’

‘तो शेवटी आहे,’ ते म्हणाले. ‘शेवटी चालतो.’

यावर काय बोलावे हे मला अजूनही सुचलेले नाही. अ‍ॅडव्हायझरने माझ्याकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले आणि लिहिता लिहिता पेन उचलून धरले. म्हणजे निकाल लागेपर्यंत नोंद तहकूब. गृहस्थ उठून माझ्याशेजारी आले. ‘पुन्हा काढा आवाज. या वेळी डोळे मिटून काढा. खड्डा आला असं समजा.’ गाडी लवकर आत जावी एवढ्याच इच्छेने मी डोळे मिटले आणि खड्डा आला असे समजून ‘टक’ म्हणालो. ‘खालच्या स्वरात घ्या,’ एखाद्या गायनमास्तरांप्रमाणे ते म्हणाले. मी खालच्या स्वरात घेतला. ‘आता दोन ठोक्यांमध्ये थोडं थांबा.’ मी थांबलो. तोपर्यंत वॉशिंगची वाट पाहणारे एक जोडपे आणि त्यांची लहान मुलगी जवळ सरकली होती. त्या मुलीने माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिले आणि जीभ टाळ्याला चिकटवून असा काही ठोका काढला की मी दचकलो. हुबेहूब माझ्या गाडीचा आवाज. अ‍ॅडव्हायझरने मान डोलावली आणि पेन कागदाला टेकवले. नंतर मी वाचले : ‘पुढील बाजूस आवाज.’ एवढ्या तालमीतून ‘पुढील बाजूस’ तेवढे शिल्लक राहिले होते. तेसुद्धा मी बोटाने दाखवले होते म्हणून.

आवाजाच्या वर्णनाला अर्थ नसता, तर या तमाशाचे मला काही वाटले नसते. परंतु त्याला फार अर्थ असतो. वेगाबरोबर चढत जाणारी आणि वळणावर कमीजास्त होणारी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना होणारी कट-कट-कट एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उसळी घेते तेव्हा स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग नि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या, वरच्या माउंटिंगकडे पाहावे. ब्रेक लावताना किंवा गाडी हलताना एकदाच ‘धप्’ झाले, तर लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, रबरी बुशवर संशय घ्यावा, आणि खराब रस्त्यावरची खडखड ब्रेकवर पाय नुसता टेकवताच थांबली, तर सस्पेन्शनला दोष न देता ब्रेक पॅड तपासावेत. इतकी माहिती रुग्ण स्वतःहून सांगत असताना चौकटीत ‘आवाज’ असे लिहिणारा वैद्य आपण अन्यत्र सहन केला असता का?

पुढे ट्रायल घ्यायची ठरली. मेकॅनिक चालवणार, मी शेजारी बसणार. आम्ही बसलो, तेवढ्यात मागचे दार उघडले आणि ते गृहस्थ चालकाच्या मागच्या सीटवर स्थानापन्न झाले. गाडी त्या बाजूला जराशी कलली. ‘तुमची गाडी?’ मी विचारले. ‘मी गाडी चालवत नाही,’ ते म्हणाले. ‘मेहुण्याबरोबर आलो होतो. तो त्याची गाडी घेऊन मघाशीच गेला. चला.’

त्या मेकॅनिकच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. इतके खड्डे इतक्या सफाईने चुकवणारा माणूस मी पाहिलेला नाही. ‘त्या खड्ड्यात घाला,’ मी म्हणत होतो, आणि तो सवयीने चाक बाजूने काढत होता. स्पीड ब्रेकर आला की मात्र तो अगदी सरळ, दोन्ही चाके एकाच वेळी चढतील अशा बेताने गाडी नेत होता आणि उतरल्यावर माझ्याकडे वळून म्हणत होता, ‘काहीच नाही, सर.’ खरोखरच काही नव्हते. गाडी त्या दिवशी शोरूममधून निघाल्यासारखी गप्प होती. परतताना मागून निदान आले : ‘तुम्ही एकटे फिरता ना? तेच कारण. गाडीला एकटेपणा सोसवत नाही.’ मेकॅनिक हसला. अ‍ॅडव्हायझरला ते सांगितले गेले, तोही हसला. ग्राहकास समजावून सांगितले म्हणतात ते हेच असावे.

घरी आल्यावर मी शांतपणे विचार केला, आणि मग अधिकच संतापलो. कारण त्या दुपारचा एकमेव उपयुक्त प्रयोग त्या गृहस्थांनी केला होता, नुसते बसून. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका अंगाला झुकू लागली की तो पिळला जातो आणि झुकणे आवरतो. त्याची दोन टोके दोन छोट्या लिंक रॉडनी सस्पेन्शनला जोडलेली असतात. लिंकच्या टोकाला वाटीत बसवलेला गोळा असतो, आणि वाटी झिजली की गोळा तिच्यात ठोके देऊ लागतो. आता दोन्ही चाके एकदम वर गेली, तर दांडा नुसता फिरतो, पिळला जात नाही आणि लिंकवर जवळजवळ काहीच भार येत नाही; म्हणून सरळ ओलांडलेल्या स्पीड ब्रेकरवर ती चूप राहते. एकच चाक खड्ड्यात गेले की बोलते. आणि मागे उजव्या बाजूला एक वजनदार गृहस्थ बसले, चालकही त्याच बाजूला असला, की दांड्याला एकाच दिशेने कायमचा पीळ बसतो, गोळा वाटीच्या एका कडेला दाबून राहतो आणि ठोका देण्याइतकी फट उरत नाही. म्हणजे गाडी गप्प बसली, हाच पुरावा होता. ट्रायलच्या नोंदीत त्यांच्या वजनाचा उल्लेख नाही.

आवाज शोधणे अवघड असते हे मला मान्य आहे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि पोलादात ५,००० मीटरच्या आसपास; चाकापाशी झालेला ठोका सांगाड्यातून धावत कुठल्याही पत्र्यावर उमटतो, आणि मग आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्यात बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने जनरल मोटर्समध्ये असताना शेव्हरोले कॅडेट या लहान गाडीच्या प्रकल्पावर काम केले; ती गाडी बाजारात आलीच नाही, तो फोर्डमध्ये गेला, आणि १९५० साली पुढे आलेल्या ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल व झेफर या गाड्यांत त्याची रचना दिसली. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्प्रिंगचा आधार आणि चाक वळण्याचा आस ही सगळी कामे त्याने एका खांबावर घातली. जागा वाचली, भाग कमी झाले. पण त्या खांबाचा माथा थेट गाडीच्या अंगाला, डॅशबोर्डच्या अगदी पुढ्यात टेकलेला असतो, त्यामुळे चाकाजवळची प्रत्येक कुरबूर तिथून आत पोहोचते. मॅकफर्सनला दोष देत नाही. त्याने सोय केली. ऐकण्याचे काम त्याने आमच्या सर्व्हिस सेंटरवर सोपवले असेल, असे मला वाटत नाही.

स्प्रिंगचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. स्प्रिंगचे ताणणे आणि त्यासाठीचे बल यांचे प्रमाण सांगणारा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये प्रसिद्ध केला तो अक्षरांची वर्णानुक्रमे मांडणी करून, कोड्याच्या रूपात, म्हणजे शोध आपल्या नावावर राहावा आणि कोणाला कळूही नये. उकल त्याने १६७८ मध्ये दिली. सस्पेन्शनच्या निदानाची ही परंपरा थेट तिथून आलेली असावी. फरक इतकाच की हूकला उत्तर ठाऊक होते.

याआधी दुसऱ्या एका गॅरेजात याच आवाजासाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडीने बदलून झाले आहेत. जोडीने बदलणे योग्यच, पण कोणत्या पुराव्यावर? मग लोअर आर्म बदलले. बदलताना चाके लिफ्टवर लोंबकळत असतानाच बोल्ट आवळण्यात आले, हे मी स्वतः पाहिले. बुशचे रबर बाहेरच्या-आतल्या नळ्यांना चिकटवलेले असते. गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी असताना बोल्ट आवळले नाहीत, तर गाडी खाली आल्यापासून ते रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मी हे सांगितले, तेव्हा ‘आम्ही रोज हेच करतो, सर,’ असे उत्तर मिळाले. त्याबद्दल मला शंका नाही. आवाज अर्थातच तसाच राहिला, आणि मग शेवटचे अस्त्र आले : ‘जुनी गाडी आहे, आवाज येणारच.’ या वाक्याची मला खरोखर चीड आहे. रबर कडक होते, गोळे झिजतात, स्प्रिंगचे शेवटचे वेढे गंजून तुटतात, हे सगळे खरे. पण यांपैकी प्रत्येक गोष्ट एका विशिष्ट ठिकाणी घडते आणि ते ठिकाण शोधण्यासाठीच माणूस गाडी आणतो. चाकाला लोअर आर्मशी जोडणारा बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवे होते. तो आवाज आणि लिंकचा निरुपद्रवी ठोका यांतला फरक ज्याला सांगता येत नाही, त्याने ‘येणारच’ म्हणू नये.

म्हणून मी काल पुन्हा गेलो आणि लेखी मागणी केली : दोन्ही लिंक काढून ठेवा, गाडी सावकाश एकदा फिरवा, आवाज गेला तर दोष लिंकचा, राहिला तर लिंक निर्दोष. दांडा सुटा असल्याने वळणावर गाडी जास्त झुकेल, तेवढी काळजी घ्या. अ‍ॅडव्हायझरने संगणकात पुष्कळ शोधले.

‘सर, लिंक बदलणे हे काम आहे. काढणे असं काम नाही.’

‘बदलण्यासाठी आधी काढावीच लागते ना?’

‘हो, पण मग लगेच नवीन बसवावी लागते. नुसती काढली तर जॉब बंद होत नाही.’

‘आणि नवीन बसवूनही आवाज राहिला तर?’

‘मग आपण पुढचा पार्ट बदलू,’ तो आश्वासक स्वरात म्हणाला.

मी गाडी घरी आणली, जॅक आणि स्टँड लावले आणि स्वतः पान्हा घेऊन डाव्या चाकापाशी बसलो. लिंकचा नट सुरुवातीला सुखाने फिरू लागला. मग लक्षात आले की त्याच्याबरोबर आतला गोळाही फिरतो आहे. तो धरून ठेवण्यासाठी बोल्टच्या टोकाला षट्कोनी खाच असते, तिच्यात किल्ली घालायची आणि बाहेरून नट सोडवायचा. पण माझ्या गाडीच्या खाचेत गंज आणि चिखल असा काही मुरला होता की टोकदार खिळ्याने कोरून काढल्यावर किल्ली कशीबशी शिरली, एकदा कुरकुरली आणि सहा कोपरे गुळगुळीत करून बाहेर आली. आता ती लिंक करवतीने कापल्याशिवाय निघणार नाही, आणि कापली की परत बसवता येणार नाही. म्हणजे ती दोषी आहे की निर्दोष हे ठरवण्यापूर्वी नवीन आणून ठेवावी लागेल, जे तो अ‍ॅडव्हायझर पहिल्यापासून सांगत होता. हे मी त्याला कळवणार नाही, आणि त्या गृहस्थांना तर मुळीच नाही.