बारक्या, कडक भाकरी आणि मी

साखरपुडा झालेल्या जोडप्याचे फोटो काढायचं मला कधी टेन्शन येत नाही. मुलगा लाजतो, मुलगी त्याला कोपरानं ढोसते, तेवढ्यात आपण पाच-पन्नास फोटो काढून मोकळे. परवा मुलीच्या आईचा फोन आला, “दादा, आमचा बारक्या पण येणारे हं फोटोला.” मला वाटलं, धाकटा भाऊ असेल.

बारक्या म्हणजे 35 किलोंचा काळा लॅब्राडोर.

ठिकाण हिप्परगा तलाव, महिना एप्रिल. मी सगळ्यांना साडेचारला बोलावलं, हे माझं पहिलं पाप. सोलापुरात एप्रिलमधल्या साडेचारला संध्याकाळ म्हणायचं ते निव्वळ घड्याळाच्या भिडेखातर. बारक्यानं गाडीतून एक पाय डांबरावर ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच रस्ता तापवून ठेवलाय. आपल्या पायात चपला असतात, त्याच्या नसतात. आता मी आधी डांबरावर स्वतःचा तळहात टेकवून बघतो. पाच सेकंद सोसला नाही तर गाडीचं दार उघडू देत नाही. त्या दिवशी मात्र जोडपं आणि कुत्रं तासभर एसीत बसलं, मी बाहेर बाभळीखाली.

ऊन उतरल्यावर मुलगा उतरला. “मला कुत्री लय आवडतात,” असं त्यानं न विचारता सांगितलं. दोन्ही हात खिशात. बारक्यानं त्याचा बूट हुंगला, तसा गडी श्वास रोखून उभा. मुलीला हे अजून ठाऊक नव्हतं. ते मी सांगणं बरं दिसलं नसतं.

कुत्र्याचा फोटो आपण उभं राहून काढला तर नुसतं डोकं मोठं येतं. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला जावं लागतं, म्हणजे पोटावर आडवं. हिप्परग्याच्या काठावर गवताइतकेच गोखरू आहेत, हे मला पोटाकडून कळलं. वर मागं चकाकतं पाणी आणि पुढं काळं कुत्रं. कॅमेरा पाण्याला भुलतो आणि कुत्र्याचा होतो डांबराचा गोळा. शेवटी पाणी पांढरंफटक पडलं तरी चालेल म्हणून उजेड वाढवला, तेव्हा कुठं बारक्याला डोळे आले.

पण ते डोळे कॅमेऱ्याकडं वळवायचे कसे? मी चूं-चूं वाजणारं खेळणं आणलं होतं. पहिल्यांदा वाजवलं, कान उभे राहिले. दुसऱ्यांदा नुसती मान वळली. तिसऱ्यांदा वाजवायच्या आत तो माझ्या हातातून ते घेऊन तलावात गेला. तिकडं वारकरी, म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे पाणपक्षी, निवांत पोहत होते. पुढची वीस मिनिटं शूटिंग त्यांच्यात आणि बारक्यात चाललं. मुलीचा भाऊ काठावरून “ये बे, ये बे” ओरडत होता.

भुकेनं कावलेल्या काकूंनी, म्हणजे मुलीच्या आईनं, डब्यातली आपली सोलापुरी कडक भाकरी काढून मोडली. कटकन आवाज झाला. तलावाच्या मध्यातून एक काळं डोकं गर्रकन वळलं. बाकी कुठल्याही गावात हे जमलं नसतं, असं माझं मत आहे. काकूंना कॅमेऱ्यामागं उभं केलं. शेंगाचटणी लांब ठेवायला लावली. दर फोटोला एक तुकडा मोडायचा. कट्, बारक्या बघतो. कट्, बारक्या बसतो. पाचव्या भाकरीला सूर्य अगदी हवा तिथं आला, जोडपं एकदाचं हसलं, आणि बारक्यानं अंग झाडलं. 1/1000 सेकंदाच्या शटरला पाण्याचा थेंबन् थेंब हवेत गोठला. मुलीची मोतिया साडी गेली, फोटो मात्र असा आला की मी पोटाचे गोखरू विसरलो.

त्यांनी तोच मोठा करून घेतला. फ्रेम घ्यायला मुलाची आई दुकानात आली. चष्मा पुसून तिनं बराच वेळ फोटो बघितला.

“छान आलाय. पण आमचा पोरगा कुठाय?”

मी बोट ठेवून दाखवला. बारक्याच्या डाव्या कानामागं, डोळे मिटून.