जुनी गाडी कुरकुरणारच? एका प्रतिक्रियेला उत्तर

गाडीच्या आवाजांवरच्या मागच्या पोस्टवर म्हापशाच्या एका वाचकांनी बरीच मोठी आणि तिखट प्रतिक्रिया दिलीय. (त्या पोस्टमध्ये माझ्या गाडीची टकटक लिंक रॉडमधून येत होती, ती कशी शोधली ते लिहिलं होतं.) ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'पंधरा वर्षांची गाडी म्हटल्यावर आवाज येणारच, तुम्ही उगाच लोकांच्या डोक्यात किडा सोडताय. मी चारही शॉकअप बदलले तरी स्पीड ब्रेकरवर पुढून कुरकुर येते ती येतेच. पाऊस लागला की आपोआप जाते आणि दिवाळी झाली की परत हजर. त्यापेक्षा काचा वर करा, गाणी लावा. आणि ते चाकाजवळ हात घालून बघायचे उद्योग शिकवू नका, एखादा जॅकखाली सापडेल.'

दादा, आधी जॅकचं बोलू, कारण ते जिवाशी आहे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही, यात आपलं दुमत नाहीच. पण मी जी लिंक रॉडची तपासणी लिहिली होती (स्टॅबिलायझर बार म्हणजे वळणावर गाडी जास्त झुकू नये म्हणून पुढच्या दोन चाकांमधे असलेली आडवी दांडी, तिचं टोक चाकाच्या बाजूला जोडते ती छोटी लिंक रॉड, तीच हाताने हलवून बघायची) ती गाडी चारही चाकांवर सपाट जागी उभी असताना करायची आहे, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकामागे जी जागा होते तिथून. आणि हे फक्त सेफ्टीसाठी नाहीये. एकच चाक उचललंत की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, त्याचा ताण लिंक रॉडवर येतो आणि तिच्या टोकाच्या बॉल जॉइंटमधला (वाटीत फिरणाऱ्या गोळीच्या सांध्यातला) ढिलेपणा त्या ताणात लपतो. मग मेकॅनिक रॉड हलवून बघतो, घट्ट लागते, तो म्हणतो 'ही ओके आहे' आणि गाडी खाली उतरवली की पहिल्याच खड्ड्यात टक्. त्यामुळे एक तर दोन्ही चाकं जमिनीवर, नाहीतर लिफ्टवर दोन्ही लटकती. एक वर एक खाली असं नको.

आता 'जुनी गाडी, आवाज येणारच'. येणार की! डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून तापून आकसलेलं असतं, ते किरकिरतं. ग्लोव्ह बॉक्सची कडी, मागच्या सीटचं लॉक, सीट बेल्टचं बक्कल, डिकीतला जॅक, सगळे आपापला सूर लावतात. (डिकीतून खडखड येतेय आणि चवथीचं सामान, माटोळीचे (गणपतीवर फळं टांगतो त्या मांडवाचे) नारळ-बिरळ भरले की अचानक शांत होतेय, तर आधी स्टेपनीचा स्क्रू आणि जॅक घट्ट बसलाय का ते बघा. वजनाने फ्लोअर दाबला जातो म्हणून आवाज थांबतो, एवढंच.) या आवाजांवर तुम्ही खुशाल गाणी लावा, मी पण लावतो.

पण सगळे आवाज त्या जातीचे नसतात ना. स्पीड वाढेल तशी वाढत जाणारी घरघर, आणि मोठ्या वळणावर वजन एका बाजूला गेलं की तिचा सूर बदलतो, ती बहुतेक व्हील बेअरिंगची. स्टीअरिंग पूर्ण कापून हळू वळताना पुढून कटकटकट येतं ते ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटचं, त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर गेलेलं असतं आणि आपल्याकडची तांबडी माती आत. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट ढिला झाला तर ठक् येतं आणि तो निसटला तर चाक आडवं होतं, चोर्ला घाटाच्या उतारावर ते व्हायला नको. काचा वर करून गाणी लावली की हे तीनही ऐकू येत नाहीत. म्हणून मी म्हणतो एकदा तरी आवाज कुठला ते कळू द्या, मग सोडायचा असेल तर सोडा.

उलट, काही आवाज ऐकून माणूस घाबरतो आणि त्यात काहीच नसतं. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीचा सकाळी पहिले दोन-चार ब्रेक मारेपर्यंत खर्र आवाज होतो, डिस्कवर गंज धरलेला असतो तो पॅड घासून काढतात, संपला विषय. किंवा चाकातून अचानक पत्रा फाटल्यासारखी किंचाळी. डिचोली-साखळीकडे रस्त्याच्या कडेला खडी असते, तिचा बारका दगड डिस्क आणि मागच्या पातळ पत्र्याच्या मधे अडकतो. गाडी थोडी रिव्हर्स घ्या, पुष्कळदा पडून जातो. त्यासाठी कुणी ब्रेक पॅड बदलून आणले तर पैसे गेले ना फुकट.

आणि हाच तुमच्या शॉकअपचा मुद्दा आहे. तुम्ही म्हणताय चार शॉकअप बदलूनही आवाज गेला नाही म्हणजे आवाज जात नसतो. मला त्याचा अर्थ एवढाच दिसतो की आवाज शॉकअपचा नव्हता. शॉकअप गेला की मुख्यतः गाडी उडते, ब्रेकरनंतर डुलत राहते, तेल गळतं. कुरकुर हे त्याचं काम नव्हे. कुणीतरी ऐकलं 'पुढून आवाज येतो' आणि सगळ्यात मोठा पार्ट बदलला. आवाज शोधायचं काम कुणी केलंच नाही.

माझ्या गाडीला होती ती टकटक, कुरकुर नाही, तीसुद्धा खड्ड्यांत आणि एका बाजूने. ती कशी सापडली ते परत सांगतो कारण तुम्ही त्यालाच 'उद्योग' म्हणालात. रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा ब्रेकर सरळ घेतला तर दोन्ही चाकं एकदम वर जातात, बार नुसता आपल्या जागी फिरतो, लिंक रॉडवर जोर येत नाही. तोच ब्रेकर तिरका घेतला, एक चाक आधी आणि दुसरं मागून, तर बार पिळतो आणि लिंक रॉड ओढली जाते. माझी गाडी सरळ गेली की गप्प आणि तिरकी गेली की टक्-टक्. मग दोन्ही लिंक रॉड सोडवल्या, बार बांधून ठेवला म्हणजे कुठे लागणार नाही, आणि त्याच रस्त्यावर एकदम हळू चक्कर मारली, आवाज गायब. (असं करताना स्पीड नको, वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त झुकते.) एवढं झाल्यावरच नवीन रॉड आणल्या. खर्च शॉकअपच्या मानाने किरकोळ, जास्त वेळ गेला तो गंजलेला नट सोडवण्यात, किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि हे प्रत्येक गाडीला लागू नाही हेही लिहिलं होतं मी, जुन्या मारुती ८०० ला वेगळी लिंक रॉडच नसते, बारची टोकं थेट लोअर आर्ममध्ये जातात.

आता तुमच्या कुरकुरीकडे येतो. प्रतिक्रियेत तुम्ही सगळ्यात कामाची गोष्ट जाता जाता लिहून टाकलीत, पावसात जाते आणि दिवाळीनंतर येते. लोखंडाचा ढिलेपणा पावसाला विचारत नाही, टकटक असती तर जुलैतही वाजली असती. ओलं झालं की गप्प आणि सुकलं की कुरकुर, हे रबराचं लक्षण. ब्रेकरवर, पुढून, हळू स्पीडला, म्हणजे माझा पहिला संशय बारच्या डी-बुशवर. बार गाडीला जिथे पट्टीने धरलेला असतो तिथे इंग्रजी डीच्या आकाराचं रबर असतं, ते झिजून गुळगुळीत होतं, आत माती बसते आणि बार फिरला की ओरडतं. बार सरळ ब्रेकरवरही तिथे फिरतोच, त्यामुळे तुमची गाडी तिरकी-सरळ दोन्हीकडे कुरकुरत असणार. दुसरा संशय लोअर आर्मचे बुश, म्हणजे तो आर्म गाडीला जोडतो तिथली रबरं.

खात्री करायला झाडांवर मारायची पाण्याची बाटली पुरते. मेकॅनिकला गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊ दे, आधी फक्त डी-बुशवर पाणी मारा, दुसरीकडे नाही, आणि लगेच नेहमीच्या ब्रेकरवरून न्या. कुरकुर गेली तर चोर सापडला. नाही गेली तर लोअर आर्मच्या बुशवर मारा आणि परत तसंच. पाणीच मारा हां, ऑइल किंवा साधं ग्रीस नको. एक तर ते सगळीकडे पसरतं आणि नेमकं कुठलं रबर होतं ते कळत नाही, दुसरं म्हणजे पेट्रोलियमच्या ग्रीसने बरीच रबरं फुगून मऊ पडतात, चार दिवस शांतता आणि मग आधीपेक्षा वाईट. नवीन बसवताना लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, तेही त्या गाडीला चालत असेल तर, काही डी-बुश कोरडेच बसवायचे असतात.

लोअर आर्मचे बुश निघाले तर फिटरच्या डोक्यावर उभे राहा. त्याचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. चाक लटकत असताना आवळले तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत हे पुष्कळ ठिकाणी होत नाही, आणि मग लोक म्हणतात नवीन बुश टाकून पण आवाज आला, जुनी गाडी आहे, चालायचंच.

आत्ता ऊन आहे, आवाज चालू असेल, म्हणजे तपासायला हाच सीझन. पाणी कुठे मारल्यावर गप्प झाली ते कळवा. आणि शॉकअपचं बिल ठेवलं असेल तर त्यात शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचे (तो वर गाडीला जिथे बसतो त्या भागाचे) आणि तिथल्या बेअरिंगचे पैसे लावलेत का तेही बघा. नसतील लावले तर जुनीच परत बसवलीत, आणि गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंगमधून टण्ण येत असेल तर ते तिथून.