निधी कापून रस्ता मोकळा होत नाही

अमेरिकेत आंदोलकांनी महामार्गावर ठाण मांडलं की एक मागणी हमखास पुढे येते: जे राज्य असे अडथळे रोखत नाही, त्याचा केंद्राकडून येणारा महामार्ग निधी कापा. रस्ता अडवणं मला अजिबात मान्य नाही. जानेवारी २०१५ मध्ये बॉस्टनजवळ आय-९३ या महामार्गावर आंदोलकांनी १२०० पौंडांच्या काँक्रीट भरलेल्या पिंपांना स्वतःला जखडून घेतलं. अपघातात जखमी झालेल्या एका वृद्धाला घेऊन निघालेली रुग्णवाहिका बॉस्टनच्या ट्रॉमा सेंटरऐवजी (गंभीर जखमींवर उपचार करणारं रुग्णालय) ब्रॉकटन या दुसऱ्या शहरात वळवावी लागली. हे संतापजनकच आहे. तरीही निधीकपातीचा घाव भलत्याच जागी बसतो.

तिथे इंटरस्टेट, म्हणजे आय-९३सारखा आंतरराज्य महामार्ग, राज्याच्या मालकीचा असतो, बांधणीचा साधारण ९० टक्के खर्च केंद्र देतं. म्हणून ही दोरी केंद्राच्या हातात आहे. (आपल्याकडे उलट, राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा आणि रास्ता रोको उठवणारे पोलीस राज्याचे.) १९८४ मध्ये ती दोरी दारूच्या वयासाठी ओढली गेली: वय २१ करा, नाहीतर आधी ५, मग १० टक्के निधी गेला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे मान्य केलं आणि १९८८ पर्यंत सगळी राज्यं वठणीवर आली. जमलं, कारण तपासायचं होतं फक्त कायद्यातलं एक कलम.

अंमलबजावणी तपासायची वेळ आली की सगळं फिसकटतं. निधीच्याच अटीवर आलेली १९७४ ची ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा बघा. मोंटाना राज्यानं निधी वाचवायला कायदा केला, पण दिवसा मर्यादा मोडणाऱ्याला दंड ५ डॉलर, आणि गुन्हा कोणता, तर इंधनाची उधळपट्टी! पुढे केंद्रानं वेगाची मोजणी सक्तीची केली, राज्यांशी वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि १९९५ मध्ये मर्यादाच रद्द झाली.

रस्ता अडवण्याचं काय मोजणार? घटना मोजल्या तर मोठी शहरं असलेली राज्यं कायम तोट्यात. अटका मोजल्या तर पोलीस आकडा भरायला फुटपाथवरच्यांनाही उचलणार आणि प्रकरण भाषणस्वातंत्र्यावरून कोर्टात जाणार. शिवाय कपात सोसणार कोण? गोल्डन गेट पूल एप्रिल २०२४ मध्ये काही तास बंद पाडला गेला. तो चालवतं एक वेगळं प्राधिकरण, टोलच्या पैशावर. कॅलिफोर्नियाचा निधी कापला तर दुसरीकडच्याच कुठल्या तरी पुलाची दुरुस्ती रखडेल.

प्रत्यक्ष रस्त्यावर वेळ खातं ते वेगळंच. आंदोलक पाइपात हात घालून आत साखळीनं अडकवतात. पाइप कापायला ग्राइंडर, ठिणग्यांपासून माणसाला वाचवायला आगरोधक चादर, कानाला संरक्षण आणि हात नेमका कुठे आहे हे ओळखणारा प्रशिक्षित माणूस लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिज या पुलावर तर गाड्या आडव्या लावून किल्ल्या खाडीत फेकल्या. तिथे अटक केल्यानं काहीच हलत नाही, टो ट्रक लागतो. आणि मागे गाड्या अडकल्यावर तो उलट्या बाजूनंच आणावा लागतो.

अट घालायचीच असेल तर यावर घाला: मोठ्या पुलांजवळ कापणारं पथक आणि टो ट्रक तैनात, दुभाजकात उघडता येणारी फाटकं, रुग्णवाहिकेसाठी आधी ठरवलेला पर्यायी मार्ग, आणि पहिल्या फोनपासून पहिली लेन सुरू होईपर्यंतची मिनिटं नोंदवणं. ट्रकच्या वजनाबाबत राज्यं आजही दरवर्षी केंद्राला अंमलबजावणीचं प्रमाणपत्र देतात, त्यात किती ट्रक तोलले आणि किती जणांवर कारवाई केली हे आकडे असतात. त्याच नमुन्यात हे मांडता येईल. आणि कमी पडणाऱ्या राज्याचे पैसे काढून न घेता, त्यातलाच ठरावीक हिस्सा याच सामग्रीवर खर्च करायला लावावा.